पाणी जोखणे

मराठी भाषेत पाण्याला वजन नाही. पैसा पाण्यासारखा जातो, कष्टांवर पाणी पडते, रक्ताचे पाणी होते, लाजेने माणूस पाणी पाणी होतो. या साऱ्या प्रयोगांत पाणी वाहते, विरते, पुसून टाकते, पण जड झालेले कोठे दिसत नाही. अपवाद एकच आठवतो, तो ‘पाणी जोखणे’ या वाक्प्रचाराचा. तेथेही पाणी म्हणजे तेज, धमक, माणसाच्या अंगचा कस. तराजूत घालायचे पाणी नव्हे. मराठी शिकवणे हाच आम्हां दोघांचा व्यवसाय असल्याने हा वाक्प्रचार वर्गात कित्येकदा समजावून दिला आहे. तो शब्दशः आचरण्याची वेळ मात्र एका फिश टँकच्या निमित्ताने आली, आणि त्या निमित्ताने घर या गोष्टीविषयी जे ध्यानात आले ते येथे मांडावेसे वाटते.

आमचे एक स्नेही बदली होऊन कोल्हापूर सोडून निघाले. त्यांच्या बैठ्या घराच्या ओसरीत चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचपेटी होती. ती माशांसकट आम्ही ठेवून घ्यावी, असा त्यांचा आग्रह. मोहात पडण्याजोगीच गोष्ट होती. परंतु त्यांचे घर जमिनीवर आणि आमचे दुसऱ्या मजल्यावर. जोत्याखाली चोपून भरलेली माती आणि तिच्याखाली धरित्री असली की पेटीचे वजन विचारण्याचे कारण पडत नाही. वरच्या मजल्यावर ते विचारावे लागते. माशांच्या दुकानात सहज विषय काढला, तेव्हा तेथील गृहस्थ म्हणाले, “सर, आता सगळीच वरच्या मजल्यावर ठेवत्यात की. काय होत नाही.” ‘काय होत नाही’ हे आपल्याकडचे फार जुने अभयवचन आहे. त्याचा आधार असतो तो एवढाच, की आजवर काही झालेले नाही.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार गुणिले दीड गुणिले दोन म्हणजे १२ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे पेटी काठोकाठ भरली तर सुमारे ३४० लिटर, आणि लिटरला एक किलो या हिशेबाने तितकेच किलो. वर दोन इंच मोकळी सोडली आणि वाळूने व्यापलेली जागा वजा केली, तरी तीनशेच्या आसपास राहतात. १२ मिलिमीटर जाडीची काच धरली तर पेटीचेच वजन ७५ ते ८० किलो. तळाशी दोन इंच खडीवाळूचे ४५ किलो. लोखंडी घोडी, तिच्यावरचा प्लायवूड, झाकण, फिल्टर मिळून आणखी ५०-६०. एकूण बेरीज पावणेपाचशे ते पाचशे किलो. कोल्हापूरच्या मापात सांगायचे तर तीस-तीस किलोंचे सोळा-सतरा गुळाचे रवे एका कोपऱ्यात रचावेत आणि ते तेथून कधीच हलवू नयेत, तसे हे.

आता मजल्याची बाजू. घरातल्या खोलीच्या जमिनीने माणसे आणि सामानसुमान मिळून किती भार पेलावा, हे भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) सांगितलेले आहे. राहत्या खोल्यांसाठी तो आकडा चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो आहे. आमची पेटी सहा चौरस फूट जागा व्यापणार. तेवढ्याच जागेचा हिशेब केला तर भार चौरस मीटरला ९०० किलोंच्या घरात जातो. त्याच मानकात ग्रंथालयातील पुस्तकांच्या दालनासाठी चौरस मीटरला ६ किलोन्यूटन ही तरतूद आहे, म्हणजे घराच्या तिप्पट, कपाटे २.२ मीटरहून उंच असतील तर त्याहूनही अधिक. हे वाचून आम्ही दोघांनी आपापल्या कपाटांकडे पाहिले. विश्वकोशाचे खंड, गाथा, बखरी, कोश, अनियतकालिकांचे गठ्ठे असे गच्च भरलेले एक कपाट दीड-दोनशे किलोंचे सहज होते. म्हणजे ही काचपेटी तशा तीन कपाटांच्या वजनाची, आणि जागा व्यापणार जेमतेम दोन कपाटांची. ज्ञान हलके असते असे कोणी म्हटलेले नाही, पण पाणी त्याच्याहून जड निघावे याचे थोडे नवल वाटलेच.

२०० आणि ९०० हे आकडे शेजारी ठेवून घाबरून जाणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. मानकातला आकडा सबंध खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो. दहा बाय बाराच्या खोलीचा स्लॅब या हिशेबाने एकूण सव्वादोन टनांच्या आसपास भार वाहील असा योजलेला असतो, आणि वर सुरक्षिततेचा गुणक असतोच. ठरावीक जागी साचलेले ओझे त्याला झेपेल की नाही, हे ओझे कोठे ठेवले आहे यावर अवलंबून असते. फळीच्या दोन टोकांना विटा ठेवून मध्यावर उभे राहिले तर ती जेवढी वाकते, तेवढी टोकाजवळ उभे राहिल्यास वाकत नाही. दोन आधारांमधील अंतराच्या एक-अष्टमांशावर ठेवलेले ओझे मध्यावरच्या ओझ्याच्या मानाने निम्म्याहून कमी बाक आणते. म्हणून जाणकार सांगतात की पेटी खोलीच्या मध्यात नको, भिंतीलगत असावी.

मात्र ‘भिंतीलगत’ या शब्दावर विसंबून चालत नाही. कोल्हापूरच्या पेठांतील जुन्या वाड्यांचे मजले कडीपाटाचे असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींवर लाकडी कड्या टेकवलेल्या, त्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर आणि वर फरशी. ज्या भिंतीत कड्यांची टोके शिरतात तिच्यालगत पेटी लांबीने ठेवली, तर भार तीन-चार कड्यांत वाटला जातो आणि तोही आधाराजवळ. कड्यांना समांतर जाणाऱ्या भिंतीलगत तीच पेटी ठेवली, तर सारे ओझे एखाद-दुसऱ्या कडीच्या पोटात. खोली एकच, भिंतीही दोन्ही सारख्याच जाड, पण एक जागा बरी आणि दुसरी घातक. त्यातही भिंतीत शिरलेले कडीचे टोक ओलीने कुजलेले आहे की वाळवीने पोखरलेले, हे वरून कळत नाही. हातोडीने ठोकून पाहिले तर निकोप सागवान खणखणीत बोलते आणि पोकळ झालेले बद्द वाजते, असे जुने सुतार सांगतात.

सिमेंटच्या इमारतींत फसगत निराळी. तेथे भार वाहतात ते बीम आणि कॉलम. मधल्या साडेचार इंची भिंती पुष्कळदा नुसत्या आडोशाच्या असतात. त्या स्लॅबला आधार देत नाहीत, उलट स्लॅबच त्यांना उचलून धरीत असतो. अशा भिंतीच्या भरवशावर पेटी ठेवणे म्हणजे आधीच ओझे घेतलेल्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून आपण निर्धास्त होणे. गॅलरीचा तर विचारही करू नये. ती एकाच बाजूने धरलेली असते, तिच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात, आणि आपल्याकडच्या पावसात नेमके तेच अंग वर्षानुवर्षे भिजत आलेले असते.

घरी ही चर्चा चालू असताना दोन प्रतिवाद पुढे आले. पहिला गच्चीवरच्या टाकीचा. हजार लिटरची काळी टाकी प्रत्येक इमारतीच्या डोक्यावर बसलेली असते, तिला कोणी जाब विचारत नाही, मग तीनशे लिटरचा एवढा बाऊ कशासाठी? उत्तर असे, की त्या टाकीची जागा इमारत बांधतानाच ठरते. बहुधा ती जिन्याच्या माथ्यावर, खाली कॉलम येतील अशा ठिकाणी असते. ती आराखड्यात आहे, आमची पेटी नव्हती.

दुसरा प्रतिवाद अधिक वजनदार होता आणि तो आमच्याच दिवाणखान्यात घडलेला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचे सामान रातोरात वर आले. आमच्या दिवाणखान्यात त्यांचा फ्रीज, शिवणयंत्रे, धान्याची पोती, लोखंडी कपाट आणि जिन्यातून कशी आली कोण जाणे अशी एक मोटारसायकल आठवडाभर मुक्कामाला होती. त्या वेळी स्लॅबने हूं की चूं केले नाही. जुलै २०२१ च्या पुरातही पुन्हा तसेच. ज्या जमिनीने दोन महापूर पाठीवर घेतले ती एक काचपेटी घेणार नाही काय?

स्थापत्य अभियंता असलेल्या एका मित्रापुढे आम्ही हे मांडले. तो म्हणाला, “आठ दिवस आणि आठ वर्षं यांत फरक आहे.” लाकूड काय किंवा काँक्रीट काय, सतत वाहिलेल्या भाराखाली हळूहळू, न मोडता, वाकत जाते. अभियंते याला ‘क्रीप’ म्हणतात, आणि काँक्रीटच्या बांधकामाविषयीचे भारतीय मानक ४५६ (२०००) स्लॅबचा झोल मोजताना ही काळाने येणारी वाकण हिशेबात घ्यायला लावते. पाहुणा म्हणून आलेले ओझे आणि घरचेच होऊन बसलेले ओझे ही एकाच वजनाची असली तरी एक नव्हेत. पुरातल्या सामानाविषयी आणखीही एक गोष्ट त्याने ध्यानात आणून दिली: ते साऱ्या खोलीभर पसरलेले होते. पेटी एका जागी उभी राहणार आणि रात्रंदिवस राहणार.

“बघूया, पण वरून नाही कळायचं,” तो पुढे म्हणाला. “खालच्यांच्या घरात जावं लागेल.”

हे आमच्या मनात आलेलेच नव्हते. ज्या जमिनीवर आपण वर्षानुवर्षे चालतो, रांगोळी काढतो, पाट मांडतो, तिच्याविषयी फरशी काहीच सांगत नाही. तिचे बीम कोठून गेले आहेत, तडे कोठे आहेत, सळ्या कोठे फुगल्या आहेत, हे सगळे खालच्या घरातून दिसते. वाड्याच्या भाषेत ही गोष्ट फार चांगली नोंदलेली आहे. वरून ज्याला पाट म्हणतात, त्यालाच खालून तक्तपोशी म्हणतात. वस्तू एक, नावे दोन, आणि नाव कोणते हे आपण कोठे उभे आहोत यावर ठरते. स्लॅबला दोन नावे नाहीत, म्हणून त्याला दोन धनी आहेत हे विसरायला होत असावे.

खाली एक वृद्ध बाई एकट्या राहतात. गल्लीत सगळे त्यांना काकू म्हणतात. मित्राला घेऊन आम्ही गेलो आणि येण्याचे कारण सांगितले. त्यांनी चहा ठेवला आणि मग पंख्याकडे बोट दाखवीत म्हणाल्या, “बघा की. मी तर रोज झोपताना तेच बघतो.” ज्या भिंतीलगत पेटी ठेवण्याचे आमच्या मनात होते तिच्याखाली बीम नव्हताच, ती भिंत आडोशाची निघाली. आणि त्याच अंगाला, बाहेरच्या भिंतीतून पावसाची झड मुरून, हातभर जागेत छताचे पोपडे सुटलेले होते. मित्राने स्टुलावर चढून हातोडीच्या दांड्याने ठोकले, तेव्हा आवाज बद्द आला आणि ओंजळभर गिलावा खाली पडला. आत गंजून फुगलेली सळई दिसली. सळई गंजली की तिचे आकारमान वाढते, ती काँक्रीटला आतून फोडते, आणि फुटलेल्या जागेतून ओल आणखी आत शिरते. काकू म्हणाल्या, “रंग दिला की दिसत नाही. म्हणून दर दिवाळीला देतो बघा.”

तुम्ही कधी बोलला नाहीत, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्यांचे उत्तर एवढेच: “तुमच्यात काय गळत नव्हतं. मग तुमास्नी काय सांगायचं?” पूर आला की त्यांच्या मनात पाणी खालून चढते. यापुढे वरच्या पाण्याचाही विचार त्यांनी पंख्याकडे पाहत करावा, आणि तो आम्ही त्यांना न विचारता त्यांच्या उशाशी ठेवावा, हे कोणत्या मानकात बसते?

निर्णय फारसा अवघड राहिला नाही. स्नेह्यांची पेटी आम्ही नाकारली. ती त्यांच्याच ओळखीच्या एका तळमजल्यावरच्या घरी, माशांसह, सुखरूप पोहोचली. काकूंच्या छताची दुरुस्ती आधी करून घेतली: सैल काँक्रीट काढून, सळ्या घासून, गंजरोधक लेप देऊन, पॉलिमरयुक्त मॉर्टरने भरून, आणि बाहेरच्या भिंतीची गळती बुजवून. त्यानंतर तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी लहान पेटी घेतली. काठोकाठ भरली तरी ती १६० लिटरांची. सगळे मिळून अडीचशे किलोंच्या आत. स्वयंपाकघराच्या भिंतीखाली बीम आहे, तो कॉलमला जाऊन मिळतो, आणि त्या भिंतीला लांबीने चिकटून पेटी बसते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण महानगरपालिका क्षेत्रात कायद्यानेच आवश्यक आहे. आमच्या इमारतीनेही ती मर्यादा ओलांडली असल्याने तो विषय आता रहिवाशांच्या बैठकीत घेतला गेला आहे.

उरलेल्या गोष्टी बारीक, पण त्या टाळता येण्याजोग्या नाहीत. घोडीच्या चार पायांखाली सारे वजन चार ठिपक्यांवर येते आणि फरशी तडकते; म्हणून पायांखाली रुंद फळी घातली. मग गवंड्याकडून पाणसळ आणून दोन्ही दिशांनी सपाटी पाहिली. पाणसळीच्या काचेतला बुडबुडा मध्ये आल्याखेरीज पेटी भरू नये, कारण पेटी तिरकी असेल तर काचेवर वेडावाकडा ताण येतो आणि सांध्यांचे सिलिकॉन आज ना उद्या सुटते. पाण्याचा काचेवरचा दाब लांबीवर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो. नाकारलेल्या दोन फुटी पेटीत समोरच्या एकट्या काचेला पाणी सव्वादोनशे किलोंच्या जोराने बाहेर ढकलत राहिले असते. दीड फुटाच्या पेटीत तो जोर शंभर किलोंच्या आत आला. तळाच्या काचेखाली फोमची पातळ शीट घातली, म्हणजे प्लायवूडवरचा एखादा खडा काचेत रुतणार नाही.

विजेची वायर पेटीकडून सॉकेटकडे सरळ न नेता मध्ये खाली झोळ देऊन नेली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगला. तो खाली असेल आणि वीज गेली, तर त्याच बारीक नळीतून पाणी उलटे वाहू लागते आणि पेटी कोणाच्याही नकळत जमिनीवर रिकामी होत राहते. भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली आहेत त्यांना वीज कधी जाते हे सांगायला नको. घोडी भिंतीला पट्टीने जखडली, कारण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप या जिल्ह्याच्या आठवणीत अजून आहे, आणि हिंदकळणारे पाणी स्थिर पाण्याहून फार वेगळे वागते.

इतके करूनही काच ती काच. बर्लिनमधील एका हॉटेलच्या दालनात २००३ पासून उभे असलेले, दहा लाख लिटर पाण्याचे ‘ॲक्वाडोम’ हे दंडगोल मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे एकाएकी फुटले. सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक मेले. पहाटेची वेळ होती म्हणून माणसे वाचली. तेथे नामांकित अभियंते होते, जाड ॲक्रिलिक होते, देखभाल होती. तेव्हा आपल्या प्लायवूडच्या घोडीविषयी फार आत्मविश्वास बाळगू नये, एवढा धडा त्यातून घेता येतो.

मजला हा शब्द आपल्याकडे अरबी ‘मंझिल’वरून आला, मुक्कामाचे ठिकाण असा त्याचा मूळ अर्थ, ‘मजल दरमजल’ मधली मजल तीच. एकावर एक मुक्काम रचून आपण शहरे केली. या रचनेत प्रत्येकाचे पाय कोणाच्या तरी डोक्यावर असतात. हे टाळता येत नाही, आणि त्यात गैरही काही नाही. आपल्या घरात काय ठेवावे हा आपला प्रश्न, असे म्हणण्याचा अधिकार मात्र त्यामुळे थोडा उणा होतो. पाचशे किलोंचे ओझे घरात आणताना आम्हांला ज्याची परवानगी घ्यावीशी वाटली ते कोणतेही कार्यालय नव्हते. परवानगी देऊ शकणारी एकच व्यक्ती होती आणि ती रोज रात्री त्या स्लॅबकडे पाहत झोपत होती.

आता घराची एक किल्ली काकूंकडे असते. आम्ही दोघे महाविद्यालयात असताना छतातून थेंब जरी पडला तरी त्यांनी वर येऊन मुख्य बटण बंद करावे आणि पेटीखाली गुंडाळून ठेवलेली नळी न्हाणीघरात सोडावी, हे त्यांना दाखवून ठेवले आहे. अजून तशी वेळ आलेली नाही. मधूनच दुपारी त्या वर येतात, मासे पाहतात, कुलूप लावून खाली जातात. परवा विचारीत होत्या, “त्या काळ्याला खायला कमी घालतासा काय?”